किल्लीकाका आणि लादी नसलेला ग्रह

अर्ध्या शहराला छप्पर मिळवून देणाऱ्या माणसाला स्वतःचं छप्पर नव्हतं, हे ऐकलं की नवी माणसं हळहळतात. जुनी माणसं मात्र गालातल्या गालात हसतात. कारण ते छप्पर नशिबानं हिरावलेलं नव्हतं, काकांनी स्वतःच्या हौसेनं टाळलेलं होतं.

किल्लीकाका घरांचे दलाल. कमरेला किल्ल्यांचा एवढा मोठा झुबका, की ते गल्लीत शिरायच्या आधी त्यांचा आवाज शिरायचा. एखादं घर रिकामं झालं की मालक किल्ली त्यांच्या हाती ठेवायचे आणि काका आपली वळकटी उचलून त्या घरात राहायला जायचे. वळकटी, एक किटली, दोन कप आणि एक घडीची खुर्ची. झाला संसार. भाडेकरू मिळाला की वळकटी बांधून पुढच्या रिकाम्या घरात. हा त्यांचा धंद्याचा रिवाज होता, आणि मालकांनाही तो पसंत होता. "बंद घर रुसतं," काका म्हणायचे. "नळ गंजतो, मोरीला वास येतो, भिंती तोंड पाडून बसतात. माणूस आत चहा पिऊन बसलेला असला ना, की बघायला येणाऱ्याला घर आपलंसं वाटतं." त्यांनी नियम एकच पाळला होता: कोणाच्याही भिंतीत खिळा ठोकायचा नाही. ज्या घरात आज झोपलो ते उद्या दुसऱ्याचं. उगाच भोक कशाला?

त्यांची थोरली बहीण, आक्का, कोपऱ्यावर कपडे धुण्या-इस्त्रीचं दुकान चालवायची. काकांचे सदरे तिच्याच फळीवर पडलेले असत, कारण काकांना कपाट नव्हतं. सदरा घ्यायला गेलं की सदऱ्याबरोबर दोन शब्दही मिळायचे, तेही कडक इस्त्रीचे. "गोगलगाय बरी," आक्का म्हणायची, "घर पाठीवर घेऊन फिरते. तू घरं मागे टाकून फिरतोस. मेल्या, साठी आली. कुठेतरी टेक की!"

"टेकायला जागा तर माझ्याकडेच आहेत सगळ्या," काका म्हणायचे आणि सदरा काखेत मारून पसार व्हायचे.

घर बघायला गेले की काका आधी छत बघत नसत, खिडक्याही नाही. दारातून आत पाऊल टाकलं की उजवी टाच जमिनीवर आपटायचे. ठक्. आवाज भरीव आला तर मान डोलवायचे, पोकळ आला तर नाक मुरडायचे. "घर म्हणजे जमीन. बाकी सगळी रंगरंगोटी."

अशा माणसाच्या वाट्याला दुर्बीणबाई यावी, हा केवळ दैवाचा खट्याळपणा.

बाई वेधशाळेत नोकरीला. वय काकांहून थोडं कमी, केस निम्मे पांढरे, चष्मा कपाळावर, आणि शोधायचा असला की तोच चष्मा सगळ्या टेबलावर शोधणार. या शहरात बदली झाली म्हणून धाकट्या भावाकडे उतरली होती. भावाचं घर तीन मजली. "एवढं घर असताना वेगळं कशाला राहतेस, ताई?" असं भाऊ म्हणाला होता, आणि मनापासून म्हणाला होता. पण पाहुणे आले की ताईची गादी वरच्या मजल्यावर, पुतण्याची परीक्षा आली की खालच्या मजल्यावर, वहिनीच्या मैत्रिणी आल्या की आणखी कुठे. सध्या ती जिन्याच्या वळणावर होती. दुर्बीण अडगळीच्या खोलीत, जुन्या पाळण्याखाली.

"दोन खोल्या हव्यात," बाई काकांना म्हणाली, "आणि थोडं आकाश."

"आकाश काय, कुठल्याही घराबरोबर फुकट येतं, बाई."

"दिव्यांचं नको. काळोखाचं हवंय."

काकांच्या आयुष्यात उजेड मागणारे हजार आले होते, काळोख मागणारी ही पहिलीच. त्यांनी तिला गल्लीतल्या चहाच्या दुकानात नेलं, खुर्ची पुढे केली, चहा मागवला. "आपल्या कामाचं स्वरूप काय? मालक विचारतात म्हणून विचारतो."

"मोठ्या ग्रहांचा अभ्यास करते. गुरू, शनी. आणि त्यांच्यासारखे दुसऱ्या ताऱ्यांभोवती फिरणारे."

"मोठे म्हणजे केवढे?" धंद्याचा माणूस, तोंडातून आपोआप निघून गेलं.

"आता गुरूच घ्या. आपल्या अकरा पृथ्व्या एका ओळीत मांडल्या की त्याची रुंदी भरते. आत भरायला घेतल्या तर तेराशेच्या आसपास मावतील."

काकांनी कप खाली ठेवला. तेराशे पृथ्व्या मावतील एवढी जागा, आणि आजवर आपल्या कानावर नाही? "रिकामीच आहे?"

"एकदम रिकामी."

"मग अडचण काय? पाणी नाही? रस्ता नाही?"

"जमीन नाही."

काकांची टाच खुर्चीखाली आपोआप हलली. "जमीन नाही म्हणजे? खराब आहे?"

"मुळात नाहीच. वरपासून सगळा वायू. तुम्ही दारातून आत पाऊल टाकलं की पडत राहाल. वर गार, खाली खाली गरम. वायू दाट होत होत पाण्यासारखा पातळ पदार्थ होतो, पण अमुक ठिकाणी वायू संपला आणि इथून पुढे लादी, असं काही येत नाही. तोवर वरच्या वजनानं तुमचा चेंदामेंदा झालेला असेल."

"सरळसरळ फसवणूक आहे ही!" काका संतापून म्हणाले, जणू गुरूच्या मालकानं त्यांनाच गंडवलं होतं. मग दलालाची जिद्द उसळली. "मधला एखादा मजला तरी? ना गार, ना गरम?"

बाई हसली. हा प्रश्न तिला आवडला. "आहे. एका उंचीवर हवा आपल्याला सोसेल इतकी उबदार आहे. पण श्वास घेण्याजोगी नाही, आणि तिथेही पायाखाली काही नाही. फुग्याला लटकून वाऱ्याबरोबर गरगरत राहावं लागेल. ना पत्ता, ना शेजार. जन्मभर तरंगायचं."

काकांचा हात कमरेच्या झुबक्यावर गेला. हे बाईनं पाहिलं की नाही कोण जाणे.

"आणि वजन?" त्यांनी विचारलं. "तेराशे पृथ्व्या मावतात म्हणजे वजनही तेराशे पृथ्व्यांचं?"

"छे. तीनशेहून थोडं जास्त. आकाराच्या मानानं हलका आहे तो. शनी तर त्याहून हलका. त्याला मावेल असा समुद्र मिळाला तर त्यावर तरंगेल. तरी सूर्याभोवतीच्या बाकी सगळ्या ग्रहांना एका पारड्यात घातलं, तर दुसऱ्या पारड्यात एकटा गुरू दुपटीहून भारी पडतो. आणि गंमत ऐका. त्याच्यात अजून माल ओतत गेलं ना, तर तो फारसा मोठा होत नाही. आतल्या आत दाबला जातो. वजन वाढतं, घेर तेवढाच. पुढे पुढे तर थोडा आक्रसतोसुद्धा."

"आमच्या आक्काचं गाठोडं!" काका मांडीवर थाप मारून म्हणाले. "चादरी कोंबतच राहते. गाठोडं दिसतं तेवढंच, उचलायला गेलं की कंबर जाते."

"अगदी तसंच," बाई म्हणाली. मग चष्मा पुसता पुसता, कपाकडे बघत, हळूच म्हणाली, "माझ्या भावाचं घरही गुरूसारखंच आहे. बाहेरून बघणारा म्हणतो, केवढं मोठं! पण आत पाय टेकायला जागा नाही."

ते ऐकलं आणि काकांनी रिकामाच कप तोंडाला लावला. कारण बाईला हवं ते घर सध्या त्यांच्याच वळकटीखाली होतं.

चढावाच्या टोकाचं ते बैठं घर. दोन खोल्या, मागे अंगणात एक लहानशी खोली, वर गच्ची. पुढे रस्ता संपतो, त्यामुळे दिवा नाही. मालकीणबाई परगावी मुलीकडे कायमच्या गेलेल्या. काका तिथे राहायला आले आणि काहीतरी बिघडलं. टाच आपटली तर असा भरीव आवाज आला, की त्यांनी पुन्हा आपटून पाहिली. संध्याकाळी गच्चीवर खुर्ची टाकून बसले की उठावंसं वाटेना. गिऱ्हाईक आलं की काका म्हणायचे, "ते घर? त्याला ओल आहे." ओल कसली, त्या घरात लोणी ठेवलं तर वितळेल असं ऊन! मालकीणबाईंचा फोन आला की, "बघतोय, बघतोय, चांगली माणसं मिळायला वेळ लागतो." सगळ्या धंद्यात एकही खोटं न बोललेला माणूस या एका घरापायी रोज खोटं बोलू लागला होता.

आणि आता बाईलाही काका दुसरीच घरं दाखवू लागले. एक बेकरीच्या वर होतं, तिथे धुराड्यातून धूर. एकाच्या गच्चीसमोर सिनेमाचा झगमगता फलक. एका घराची मालकीण इतकी गप्पिष्ट, की तारे बघायला मान वर करायची उसंत मिळाली नसती. बाई प्रत्येक ठिकाणी गच्चीवर जायची, वर बघायची, आणि मान हलवायची. काका सुटकेचा श्वास टाकायचे. परतताना दोघं कुठेतरी चहा प्यायची. बाई सांगायची ती दूरच्या ग्रहांबद्दल. काका भाडेकरूंच्या गमती सांगायचे. एकदा तिनं विचारलं, "सगळे तुम्हाला काका म्हणतात. मी काय म्हणू? आपल्यात वयाचं अंतर ते केवढंसं!" काका लाजून म्हणाले, "किल्लीवाले म्हणा." मग ती "अहो किल्लीवाले" म्हणू लागली, आणि गल्लीनं ते अचूक टिपलं. गल्लीचे कान किती लांब असतात हे सांगायला नकोच.

म्हणजे आता काकांना दोन गोष्टींचा लोभ सुटला होता. घर सोडवत नव्हतं आणि घर दाखवण्याच्या फेऱ्याही संपवायच्या नव्हत्या. बाईला घर मिळालं की फेऱ्या संपल्या, आणि तेच घर मिळालं तर दोन्ही संपलं. तिकडे बाई जिन्याच्या वळणावर पाय मुडपून झोपत होती, तो भाग काका सोयीनं विसरत होते.

पण आक्कापासून काय लपणार? चढावावरच्या घरी धुतलेल्या चादरी ती स्वतः पोचवायला गेली, तो भिंतीत खिळा! त्या खिळ्याला काकांचा किल्ल्यांचा झुबका. आक्का दारातच उभी राहिली. भावाच्या घरात साप निघाला असता तरी तिला एवढं आश्चर्य वाटलं नसतं.

"हा कोणी ठोकला?"

"मी," काका म्हणाले. "कुठेतरी अडकवायला नको का?"

"आजवर कमरेला होता तो काय कमरेतून गळून पडत होता?" आक्कानं चादरी वळकटीवर आपटल्या. "खरं सांग. हे घर तिला दाखवलंस?"

काका किटली घासू लागले. ती स्वच्छच होती.

"तरीच! अरे, काल तिची चादर माझ्याकडे आली. जिन्यातली धूळ भरलेली. वहिनी येता-जाता तिच्या उशाशी चपला काढते. आणि तू इथे गच्चीवर हवा खातोस? तुला ती आवडते ना?"

"आक्का, काहीतरीच काय!"

"आवडते म्हणून तिला बेघर ठेवायचं? वा रे वा! तुझ्या प्रेमापेक्षा तिच्या वहिनीचा राग परवडला. तो निदान तोंडावर असतो." जाता जाता दारातून वळून म्हणाली, "आणि खिळा वाकडा आहे. तोसुद्धा धड ठोकता आला नाही."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काकांनी बाईला चढावावर आणलं. दार उघडलं, आणि आयुष्यभर घरांचं कौतुक करणाऱ्या त्या जिभेवर त्या दिवशी फक्त दोष आले. काय झालं होतं कोण जाणे. कदाचित कौतुक केलं असतं तर घर सोडवलं नसतं.

"नळ रडतो," काका म्हणाले. "अर्धा फेरा उलटा फिरवून मग बंद करायचा, तर थांबतो. स्वयंपाकघरात सकाळचं ऊन थेट डोळ्यांवर येतं. खिडकीत कुंडी ठेवली की बरं पडतं, मी ठेवलीय. जिन्याची चौथी पायरी उंच आहे, तिथे पाय जपून. शेजारचा कुत्रा भुंकतो, पण नावानं हाक मारली की गप्प होतो. वारा सुटला की मागची खिडकी वाजते. वाईट नाही वाजत. सवय होते."

बाई ऐकत होती. ऐकता ऐकता तिची नजर भिंतीवरच्या वाकड्या खिळ्यावर गेली. काका खिळा ठोकत नाहीत, ही गोष्ट तिला चहाच्या पहिल्याच फेरीत गल्लीनं पुरवलेली होती.

ती गच्चीवर गेली. अंधार उतरत होता. दुर्बीण तिनं बरोबर आणली होती, रोजच आणायची, घर पसंत पडलं की तिथेच पहिल्यांदा लावायची म्हणून. तिवई उभी केली, काच फिरवली, आणि काकांना बोलावलं. "या. बघा तुमचं ते फसवं घर."

काकांनी डोळा लावला. फिकट पट्ट्यांचा एक लहानसा वाटोळा तुकडा, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना एका रेषेत बारीक ठिपके.

"हे कोण?"

"त्याचे चंद्र. मोठे चार. लहान पुष्कळ आहेत. गुरूवर कोणी राहू शकत नाही, पण या एकावर बर्फाचं जाड कवच आहे आणि त्याखाली समुद्र असावा असं वाटतं. गुरू त्याला सारखा ओढतो, पिळतो, त्यानं आतली ऊब टिकते."

"राहतं कोणी?"

"ते कोणालाच माहीत नाही. राहता येईल का, एवढंच विचारतो आम्ही. माझं सगळं काम तेच आहे. दूरच्या ताऱ्यांभोवती असे मोठे ग्रह शोधायचे, जे फार तापतही नाहीत आणि गोठतही नाहीत. ते स्वतः राहण्याजोगे नसले तरी त्यांच्या चंद्रावर एखादी जागा असेल, या आशेवर."

"म्हणजे तुमचा धंदाही दलालीचाच," काका म्हणाले.

बाई खळखळून हसली. मग चष्मा कपाळावर सरकवला. "किल्लीवाले, घर मला पसंत आहे. पण मी घेणार नाही."

"का?"

"एवढे दोष ज्याला पाठ आहेत, तो या घरात भाडेकरूची वाट बघत राहिलेला नाही. तुम्ही इथे राहताय. मी आले तर तुम्ही कुठे जाणार?"

"माझं काय, बेकरीवरचं घर रिकामं आहे."

"तिथे धूर आहे. तुम्हीच म्हणालात."

"मग सिनेमासमोरचं."

"तिथे झोप लागत नाही. तेही तुम्हीच म्हणालात. दुसऱ्याला हुसकून मी माझी गादी अंथरणार नाही. माझी गादी हुसकली जाते तेव्हा काय होतं ते मला ठाऊक आहे."

काका कठड्याला टेकले. खोटं बोलून बाईला हे घर दाखवायचं टाळलं, तेव्हा काही वाटलं नव्हतं. आता ती खरं बोलून तेच घर सोडून चालली होती, आणि त्यांचा जीव वरखाली होत होता. खाली अंगणात मागच्या खोलीचं पत्र्याचं छप्पर दिसत होतं. मालकीणबाईंनी तिथे जुन्या पेट्या ठेवल्या होत्या. पेट्या हलवता येतात.

"बाई," काका म्हणाले, "पुढचं घर तुम्ही घ्या. मागची खोली कोणाला तरी लागेलच. मी विचारून बघतो."

"कोणासाठी?"

"माझ्यासाठी."

बाईनं कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला आणि काकांकडे नीट बघितलं. "मागच्या खोलीच्या गिऱ्हाइकाला गच्ची वापरू द्यावी लागेल का?"

"मालकीणबाईंची हरकत नसेल तर."

"मालकीणबाईंचं नाही विचारत. ते माझ्यावर असेल तर माझी हरकत नाही." आणि ती वळून दुर्बिणीचा स्क्रू आवळू लागली. तो आवळायची काही गरज नव्हती.

काकांनी तिथेच फोन लावला. हजारो वेळा त्यांनी मालकांना फोन केले होते, पण नेहमी दुसऱ्यासाठी. स्वतःसाठी मागताना जीभ अडखळली. आधी पुढच्या घराचं बोलले. भाडेकरू एकटी आहे, वेधशाळेत आहे, माणूस उत्तम. मालकीणबाई खूश. मग मागच्या खोलीचं काढलं.

"तिला कोण मिळालं?" मालकीणबाई म्हणाल्या.

"एक माणूस आहे."

"काम काय करतो?"

"दलाल आहे."

"दलाल! अहो काका, तुम्हीच सांगता ना, दलालाला घर देऊ नका म्हणून. लबाड असतात."

"हा अलीकडे होता थोडा. आता सुधारलाय."

"एकटाच?"

"आतापर्यंत तरी."

पलीकडे मालकीणबाई हसल्या. बायका अशा गोष्टी फोनमधूनसुद्धा ओळखतात. "बरं. आणि किती दिवस राहणार आहे तो? उगाच चार दिवसांत उठून जाणारा नको."

हा प्रश्न त्यांनी उभ्या शहराला विचारला होता, स्वतःला कधी विचारला नव्हता. त्यांनी बाईकडे पाहिलं. बाईची पाठ त्यांच्याकडे होती, डोळा दुर्बिणीला होता, पण दुर्बिणीच्या तोंडावरचं झाकण तिनं नुकतंच लावलं होतं, त्यामुळे तिला दिसत काहीच नव्हतं. ऐकू मात्र सगळं येत होतं.

"जरा थांबा हं," काका फोनवर म्हणाले, "बाईंना विचारून सांगतो."